मटणातला गुळाचा खडा

रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. निगडीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बायकोची खाट टाकली होती, रस्त्यावरची माणसं दिसावीत म्हणून. आठ दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नव्हतं. चमच्यानं पाणी पाजायचो तेवढंच. मी खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलो होतो. मागच्या दारी सुनेनं कांदा-खोबरं भाजायला घेतलं, त्याचा वास पुढं आला आणि तिनं डोळे उघडले. म्हणाली, "आज मटन हाय व्हय?" म्हणलं, "पोरं खातील. मला न्हाई खायाचं." तिनं बोटं हलवून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काहीतरी शेवटचं सांगणार, लेकीचं, नाहीतर गळ्यातल्या डोरल्याचं. मी कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणाली, "सुनबाईला माप ठावं न्हाई. गूळ वाटीत घालायचा, पातेल्यात न्हाई. खडं फोडून ठेवल्यात डब्यात."

मंगळवारी पहाटे ती गेली. मधल्या दिवशी कोणाशी काही बोलली नाही. म्हणजे हेच तिचं शेवटचं बोलणं झालं.

माझी बायको रखमा. पासष्ट वर्षांचा संसार. ती जाऊन आता सव्वा महिना झाला. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो, म्हणजे चुका होणार नाहीत. म्हणलं, बाबा, चुका माझ्या आहेत, त्या मीच लिहीन. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तरांच्या दयेवर. पण सही इंग्रजीत करतो आणि कोणापुढं मान खाली घातली नाही. एकदाच घातली. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय. मटणात गूळ कोण घालतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. कोणी घालत नाही. तिथंच सगळी गोम आहे.

रखमाचं माहेर चाकणच्या पल्याड. घर कांदा पिकवणारं आणि माळकऱ्यांचं. आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली की मटण, मासळी, अंडं बंद, ते मरेपर्यंत. आणि आमचं घर चिखलीचं, पक्कं खाणारं. सोयरीक जुळवताना तिच्या वडिलांनी एकच अट घातली. म्हणाले, "हुंडा-मानपान काय बी करू नका. पोरीची माळ तुटता कामा न्हाई." माझे वडील म्हणाले, "माळ तिच्या गळ्यात, मटन आमच्या ताटात. यात भांडन कुठं हाय पाव्हणं?" बैठकीत सगळे हसले आणि सुपारी फुटली. माझी आई त्याआधीच वारली होती. ती असती तर पुढचं काही झालंच नसतं.

पन्नास सालानंतरचे दिवस. पिंपरीच्या माळावर नवी कंपनी उभी राहिली होती. आधी तिथं कुसळं आणि सशांची बिळं होती, तिथं एकदम भोंगा वाजायला लागला. मी चिखलीहून पायी जायचो, बॉयलर खात्यात बदली कामगार म्हणून. लग्न झालं आणि पिंपरी गावात नदीच्या अंगाला एक पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. खात्यात इब्राहिम मिस्त्री म्हणून वरचा माणूस होता, दापोडीचा. आवाज फाटका, मन मऊ. त्यानं साहेबापुढं माझ्यासाठी शब्द टाकला आणि मी कायम झालो. आता अशा माणसाला जेवायला बोलवायचं तर वरण-भातावर बोलवायचं काय? मी रखमाला म्हणलं, येत्या रविवारी मिस्त्री येणार, मटण करायचं. ती म्हणाली, "मला येत न्हाई. आमच्यात कुनी बघितलं बी न्हाई." म्हणलं, "मी सांगतो तसं कर." सोळा-सतरा वर्षांची पोर. शनिवारी बाजारातून तिनं एक जर्मलचं पातेलं आणि एक पळी वेगळी आणवून घेतली. घरातल्या भांड्याला ते लागायला नको. रविवारी सकाळी खोलीबाहेर तीन दगड मांडून तिनं वेगळी चूल केली. आणि चुलीपुढं बसण्याआधी गळ्यातली माळ फिरवून पाठीवर टाकली, वरून पदर घेतला. मी म्हणलं, "हे काय?" म्हणाली, "देवाला कशाला दाखवायचं? त्यो बघू दे तिकडं नदीकडं."

मी तिला सगळं सांगितलं, आईचं बघितलेलं जेवढं डोक्यात होतं तेवढं. आधी मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजव. त्याचं बिनतिखटाचं पाणी, आम्ही त्याला अळणी म्हणतो, ते वाटीभर बाजूला काढ. मग कांदा आणि सुकं खोबरं काळं होईस्तोवर भाज, पाट्यावर वाट, तेल सुटेपर्यंत परत. घरचा काळा मसाला दोन चमचे. शेवटी येसूर लाव. बाजरी-हरभरा भाजून दळलेलं ते मसाल्याचं पीठ, त्यानं रस्सा दाट होतो. ती एकेक गोष्ट दोनदा विचारून घेत होती. अंदाज तिला कसा असणार? चाखायचं तर नाही. शेवटी मी म्हणलं, "मिठाचं मी बघून जातो," आणि अळणी पाण्याचा एक घोट घेऊन, मीठ बरोबर आहे म्हणून मिस्त्रीला आणायला टेसनावर गेलो.

माझ्यामागं तिनं काय केलं ते नंतर कळलं. वाटण परतलं, काळा मसाला टाकला आणि त्याचा ठसका तिच्या नाकात गेला. डोळ्यातून पाणी. तिच्या माहेरी आमटीला सुद्धा चिंच-गुळाशिवाय उकळी फुटत नसे. तिला वाटलं, पाहुणा माणूस, नवऱ्याचा वरचा, त्याची जीभ भाजली तर नवऱ्याची नोकरी जायची. म्हणून तिनं ढेपेतला मूठभर गूळ फोडला आणि पातेल्यात टाकला. काळजीपोटीच टाकला.

मिस्त्री बसला. बाजरीची भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला, घास घेतला आणि त्याचा जबडा थांबला. बॉयलरचं प्रेशर चढलं की तो असाच थांबून काट्याकडं बघायचा. मीही घास घेतला. काय सांगू... वरून काळा मसाला, आत पुरणपोळीचं सारण. मिस्त्रीनं दाराकडं बघून विचारलं, "वैनी, यात गूळ हाय का?" दाराआड बांगड्या वाजल्या. बारीक आवाजात ती म्हणाली, "व्हय... लई तिखट व्हईल म्हनून..."

मी ताडकन म्हणालो, "आमच्या चिखलीला असंच करतात मिस्त्री. माझ्या आईची पद्धत हाय."

"असं?" मिस्त्री म्हणाला. "चिखलीत माझी आत्या दिलीय राव. ल्हानपनापास्नं जातोय मी तिथं. कधी कुनी गूळ दिला न्हाई मला."

"आत्याला सांगा शिकून घ्यायला."

मिस्त्री मोठ्यानं हसला. नळी ताटावर आपटून आतला गर ओढून घेतला, दोन भाकरी खाल्ल्या, वर रस्सा मागून घेतला. माणूस मोठा होता. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "वैनी, हाताला चव हाय तुमच्या. फक्त फुडच्या येळी खीर हाय म्हनून बोलवा, म्हंजी पोटाला आधी सांगून ठेवतो." दुसऱ्या दिवशी खात्यात माझं नाव पडलं गुळवणी. रिटायर होईपर्यंत तेच चाललं. नवी पोरं तर ते माझं आडनावच समजायची.

बायकोची लाज राखायला मी तसं बोललो, असं मी पुढं लोकांना सांगत आलो. ते खोटं. मी माझी लाज राखायला बोललो. मी शिकवलेलं चुकलं, असं कोणी म्हणायला नको होतं. आणि ते राखायला मी मेलेल्या आईला मध्ये घातलं.

भांडी घासताना रखमानं विचारलं, "खरंच सासूबाई गूळ घालायच्या?" म्हणलं, "व्हय." "मग बरं झालं," ती म्हणाली, "माझ्या हातून आपसूक त्यांचंच झालं. तुमाला आवडलं न्हवं?" म्हणलं, "व्हय तर." तिचा चेहरा असा फुलला की... ते आता लिहीत नाही. मग ती जे बोलली ते मात्र लिहितो. म्हणाली, "मला तर चाखता येत न्हाई. म्हंजी मटनाला तुमची जीभ तीच माझी जीभ. तुमी म्हनाल ते खरं." एवढा विश्वास माझ्यावर आईनं सुद्धा टाकला नव्हता. आणि मी तिला तिच्या पहिल्याच मटणाला खोटी चव सांगून बसलो होतो.

मग दर पगाराच्या रविवारी मटण. दर रविवारी गूळ. मी काय काय केलं नाही! ढेप माळ्यावर लपवली. तिनं वाण्याकडून नवी आणली. उन्हाळ्यात म्हणलं, गूळ उष्ण पडतो. ती म्हणाली, मटण त्याहून उष्ण, गुळानं काय वेगळं होणार, आणि वर मला ताक दिलं. एकदा मुंगळे लागलेत म्हणून सगळा गूळ नदीत टाकून आलो. घरी येतो तर शेजारच्या सिंधीणबाईकडून वाटीभर मागून आणलेला. शेजारीण दारातून म्हणते, "भाऊसाब, तुमची बायको तुमच्यासाठी किती धावते!" मी पातेलं पुसून खाल्लं, कारण उरलं तर तिनं विचारलं असतं. एका वाक्याचं काम होतं. रखमा, गूळ घालू नको, एवढंच म्हणायचं. पण ते म्हणायचं तर आधीचं खोटं होतं हे सांगायला लागणार, आणि माझ्या तोंडाला ती सवयच नव्हती.

तीन वर्षांनी चिखलीच्या यात्रेचं घडलं. आमच्याकडं यात्रेचा पहिला दिवस देवाचा, पोळीचा. दुसरा दिवस मटणाचा. त्या दिवशी गावात प्रत्येक चुलीवर पातेलं असतं आणि प्रत्येक घरी भागातले पाहुणे. थोरल्या भावाकडं साठेक माणूस असायचं. त्या साली वहिनी बाळंतीण, खोलीत. भाऊ हवालदिल. रखमा थोरला पोरगा कडेवर घेऊन पुढं झाली, म्हणाली, "भाऊजी, मी करते. सासूबाईंच्या पद्धतीनं करते." भाऊ म्हणाला, "माळकरनीच्या हातचं मटन? चव कोन बघनार?" तिनं माझ्याकडं बोट केलं. "हे हायेत की."

आता इथं मी पक्का गुन्हेगार आहे. कारण पिंपरीहून निघतानाच मी बघितलं होतं, तिच्या गाठोड्यात अर्धी ढेप होती. वाटेत म्हणलं, निगडीच्या ओढ्यावर पाणी प्यायला थांबू तेव्हा सांगू. ओढा गेला. म्हणलं, घरी गेल्यावर सांगू. घरी माणसांचा गलका. मग मनाला सांगितलं, साठ माणसांचं पातेलं, त्यात काय कळणार? मिठाचं बघायला तिनं बोलावलं, तेव्हा मी रस्सा चाखला. गूळ अजून पडायचा होता. ते मटण, देवाशप्पथ सांगतो, आईच्या हातचं होतं. तीन वर्षांत त्या पोरीचा हात इतका बसला होता. चाखल्याशिवाय, नुसत्या वासावर आणि उकळीच्या आवाजावर. माझ्या डोळ्यात पाणी आलं. ती म्हणाली, "तिखट झालं का?" मी म्हणलं, "न्हाई. बरोबर हाय." आणि तीच खूण समजून ती अर्धी ढेप फोडायला बसली. मी तिथून उठून पंगतीची पाणी भरायची भांडी मांडायला गेलो. पळालो, असंच म्हणा.

पंगत बसली. माझी मावशी, आईची धाकटी बहीण, बायकांच्या पंगतीत पुढंच होती. पहिला घास घेऊन तिनं हात झटकला. "ह्यात गूळ कुनी घातला गं?" रखमा पळी घेऊन उभी होती. ती अगदी अभिमानानं म्हणाली, "मी. सासूबाईंची पद्धत हाय." मावशी म्हणाली, "माझ्या बहिनीची? तिनं जन्मात मटनात गूळ घातला न्हाई. गोडच खायाचं असतं तर आमी कालच्या पोळीवर हात मारून गेलो असतो, आज कशाला थांबलो?" बायका हसल्या. मग पुरुषांच्या पंगतीतून कोणी म्हणालं, "अरं, हे मटन न्हवं, परसाद हाय!" सगळं अंगण हसायला लागलं. मावशी पुढं म्हणाली, "माळकऱ्याच्या घरची, तिला काय ठावं? कुनी सांगितलं तुला पोरी?"

रखमानं माझ्याकडं बघितलं.

नुसतं बघितलं. माझं नाव घेतलं नाही. नवऱ्याचं नाव चारचौघात घेऊन त्याला खाली पाहायला लावायचं, हे तिला जमलंच नसतं. ती वाट बघत होती, मी बोलेन. हीच माझ्या आईची पद्धत, असं खोटं जरी मी तिथं ठासून बोललो असतो, तरी ती सुटली असती. मीच सांगितलं होतं, चूक माझी, असं खरं बोललो असतो तरी सुटली असती. मी भाकरीचा तुकडा मोडला, त्या रश्श्यात बुडवला आणि मान खाली घालून तोंडात घातला. जन्मात मान घातली ती ही एवढीच. तिनं पळी ठेवली आणि ती पाणी वाढायला लागली.

उन्हं कलल्यावर आम्ही पायी पिंपरीला निघालो. पोरगं माझ्या खांद्यावर झोपलेलं. ती चार पावलं मागं. बराच वेळ तिच्या पायातल्या जोडव्यांचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता विचारील. विचारावं असंच वाटत होतं. तिनं शिवी दिली असती तरी बरं झालं असतं. ओढ्यापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "अवो, मावशी इसरल्या असतील न्हाई? वय झालं त्यांचं."

माझ्यासाठी तिनं दारही शोधून उघडून धरलं होतं. आणि मी त्या दारातून गेलो. म्हणलं, "व्हय. म्हातारपन. इसरली आसंल."

मावशीचं वय तेव्हा पन्नाशीचंही नव्हतं.

त्यानंतर रखमानं चिखलीत कधी पातेल्याला हात लावला नाही. दर यात्रेला जायची, पहाटेपासून भाकरी थापायची, शंभर-शंभर भाकरी. मटणाच्या चुलीकडं फिरकायची नाही. गावात तिला गूळवाली म्हणायचे. ती आली की कोणी ना कोणी म्हणायचंच, "गूळवाली आली, चहात साखर टाकू नका." ती हसायची. घरी मात्र तिचा हट्ट सुटला नाही. म्हणायची, "जग हसू दे. ह्यांना आवडतं न्हवं, मला तेवढं पुरे." पोरं मोठी झाली, गोड मटण बघून नाकं मुरडायला लागली. मग तिनं रीत बदलली. पातेलं बिनगुळाचं, पोरांसाठी. त्यातून पहिली वाटी माझी, आणि त्या वाटीत सुपारीएवढा एक खडा. म्हणजे बघा, घरातले सगळे माझ्या आईच्या हातचं मटण खायचे आणि मी एकटा माझ्या तोंडचं. पोरगं लहानपणी म्हणायचं, "अण्णांची शिक्षा काढली का?" त्याला काय माहीत, किती खरं बोलत होता ते.

प्राधिकरणात निगडीला घर बांधलं. तीन दगडांची चूल जाऊन मागच्या दारी पत्र्याखाली शेगडी आली, मग गॅस आला. जर्मलचं पातेलं तेच. बूड चेमटून बशीसारखं झालं तरी तेच. आणि तिची सवय तीच. शिजवायला बसताना माळ पाठीवर. मला वाटी दिली की ती आत यायची नाही, मागच्या दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायची. "इरघळू द्या, घाई नका करू," म्हणायची. मग विचारायची, "बरोबर हाय न्हवं?" मी म्हणायचो, "बरोबर हाय." ते ऐकलं की ती माळ पुढं घ्यायची आणि अंघोळीला जायची. पासष्ट वर्षांत एकदाही मी बरोबर हाय म्हणण्याआधी तिनं माळ पुढं घेतली नाही.

तुम्ही म्हणाल, नंतर का नाही सांगितलं? मावशी गेली, मिस्त्री गेला, भाऊ गेला. लाज राखायची तरी कोणापुढं? पण जसजशी वर्षं गेली तसतसं ते जड होत गेलं. वीस वर्षांनी सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग वीस वर्षं कशाला खाल्लंत? चाळीस वर्षांनी सांगितलं असतं तर त्या अंगणातलं हसणं चाळीस वर्षांचं होऊन तिच्यावर पडलं असतं. असं मी मनाला सांगायचो. खरं म्हणजे हिंमत नव्हती. त्या शेवटच्या रविवारी तिनं कानात गुळाचं सांगितलं, तेव्हा ओठावर आलं होतं... रखमा, मावशी विसरली नव्हती. पण तिनं डोळे मिटले होते. दमली होती. म्हणलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिनं ओळख धरली नाही. मी तरी कानाशी बोललो, दोनदा बोललो. ऐकलं की नाही, देवाला ठाऊक.

दहावा चिखलीला केला, इंद्रायणीच्या काठाला. मी मनाशी पक्कं ठरवून गेलो होतो. पिंडाला कावळा शिवला नाही की लोक पुढं होऊन गेलेल्या माणसाला कबूल करतात, अमुक करू, तमुक करू, तुझी इच्छा राहू देणार नाही. मला खात्री होती, तिच्या पिंडाला कावळा शिवायचा नाही. कसा शिवेल? माझ्याकडून तिचं देणं राहिलं होतं. मी पुढं होणार होतो आणि सगळ्या भावकीदेखत, त्या अंगणात हसलेल्यांच्या पोरानातवांदेखत सांगणार होतो, की गूळवाली ती नव्हती, मी होतो. शब्द सुद्धा जुळवले होते. पिंड ठेवले, माणसं मागं सरली आणि कोणी हात जोडायच्या आत एक कावळा उतरला आणि सरळ शिवला. ताटकळला सुद्धा नाही. सगळे म्हणाले, "काय पुण्यवान बाई! काहीच इच्छा राहिली नव्हती." एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "आमची गूळवाली गेली गं बया." लोक अंघोळीला नदीत उतरले. आणि मी तसाच उभा, जुळवलेले शब्द तोंडात घेऊन. तिचं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते माझं. ते ऐकायला कावळाही थांबला नाही.

म्हणून इथं लिहितो. चिखलीकर हे वाचतील. माझ्या आईनं कधी मटणात गूळ घातला नाही. रखमाला ते मी सांगितलं. तिच्या हातच्यासारखं मटण अख्ख्या पंचक्रोशीत नव्हतं, आणि ते तिला कधी कळलं नाही, कारण तिची जीभ माझ्याकडं होती आणि मी ती इमानानं वापरली नाही.

परवाच्या रविवारी सुनेनं मटण केलं. त्याच पातेल्यात, सासूच्या शिकवणीनं. माझ्यापुढं वाटी ठेवली, बिनगुळाची. गुळाचा डबा मी आधीच माझ्या खोलीत नेऊन ठेवला होता, म्हणून तिलाही सुचलं नसावं. मी भाकरी मोडली, घास घेतला. तेच. आईचं, यात्रेच्या दिवशी गूळ पडायच्या आधीचं. जे खायला पासष्ट वर्षं जीव तळमळला ते माझ्यापुढं वाटीभर होतं... आणि घास खाली उतरेना. सून म्हणाली, "अण्णा, खारट झालं का?" म्हणलं, "न्हाई गं. लई चांगलं झालंय." तिला ते लगेच सांगितलं. मग उठलो, खोलीत जाऊन डबा काढला. रखमानं आजारी पडायच्या आधी बत्त्यानं फोडलेले खडे, सगळे एका मापाचे. एक घेतला. वाटीत टाकला आणि विरघळेपर्यंत बसून राहिलो, घाई केली नाही. आवडलं असं लिहिलं तर तेही खोटं होईल. मला ते अजून आवडत नाही. पण ती वाटी मी पुसून खाल्ली.

मागचं दार उघडं होतं. चौकटीवर, तिचा हात असायचा तिथला रंग उडालाय. सून पोरांना वाढायला आत गेली होती. मी चौकटीकडं बघून म्हणलं, "बरोबर हाय गं. घे माळ पुढं."